अडकलेली तेलनळी : आधी दाब, मग पाना

उन्हाळी नांगरट आटोपली की हायड्रॉलिक पलटी नांगर ट्रॅक्टरपासून सोडवून बांधावर अगर गोठ्याशेजारी ठेवण्यात येतो. नांगराच्या तिन्ही पिना निघतात. परंतु नांगर उलटविणाऱ्या जॅककडे तेल नेणाऱ्या दोन नळ्या ट्रॅक्टरच्या मागील कपलरमधून काही केल्या सुटत नाहीत. कपलर गंजला असे समजून मग हातोडी उचलली जाते. हे निदान बहुधा चुकीचे ठरते. नळी अडकते ती पुष्कळदा गंजामुळे नव्हे, तर आत कोंडलेल्या तेलाच्या दाबामुळे.

कपलरची रचना ध्यानात घेतली म्हणजे हे सहज समजते. ट्रॅक्टरकडील मादी भागात पोलादी गोळ्यांची एक रांग असून नळीच्या टोकावरील नर भागाच्या खाचेत त्या बसतात. बाहेरचे सरकते कडे या गोळ्यांना वरून दाबून धरते. कडे सरकले की गोळ्या मोकळ्या होऊन नळी सुटते. नळीत दाब शिल्लक असल्यास नर भाग बाहेर रेटला जातो, गोळ्या कड्यावर घट्ट आवळल्या जातात आणि कडे जागचे हलत नाही. त्यावर हातोडी चालविल्यास कड्याला पोचा पडतो. मग दाब उतरल्यावरही ते सरकत नाही.

म्हणून प्रथम दाब उतरवावा. नांगर सपाट जमिनीवर टेकवावा, तो एका बाजूस पूर्ण उलटलेला व स्थिर आहे याची खात्री करावी आणि जवळपासच्या माणसांना, विशेषतः मुलांना, दूर करावे. इंजिन बंद करून तेलाचा लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा पुढेमागे करावा. नंतर नळी प्रथम ट्रॅक्टरकडे किंचित आत दाबावी आणि तशीच दाबून धरून कडे सरकवावे. आत दाबल्याने गोळ्यांवरचा ताण जातो. एवढ्या साध्या युक्तीने पुष्कळ ‘गंजलेले’ कपलर हाताने सुटतात.

सुटा करून उन्हात टाकलेल्या नांगराची अडचण याच्या उलट असते. काळी नळी तापते, आतील तेल प्रसरण पावते आणि झडप बंद असल्याने त्याला वाट मिळत नाही. पुढील वेळी नळी कपलरमध्ये बसतच नाही. तेव्हा झडपेवर खिळा ठेवून ठोकण्याची पद्धत आहे, ती अत्यंत धोक्याची होय. नळ्या सावलीत ठेवाव्यात आणि पूर्ण निवल्यावर जोडून पाहाव्यात. तरीही न बसल्यास जाणकार मेकॅनिककडून दाब उतरवून घ्यावा.

हा धोका किती, याची कल्पना आकड्यांवरून येईल. ट्रॅक्टरच्या मागील चाकातील हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारणतः १ ते १.५ किलोग्रॅम असतो. काम चालू असता तेलाचा दाब १५० ते २०० किलोग्रॅमपर्यंत जातो. अशा दाबाने बारीक छिद्रातून निघालेली तेलाची चिळकांडी कातडी भेदून आत शिरते. बाहेर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते, आरंभी वेदनाही फारशी नसते, आणि हळद लावून माणूस कामाला लागतो. येथेच घात होतो. काही तासांत शस्त्रक्रिया करून तेल काढले नाही, तर बोट वा हात गमावण्याची पाळी येते. रुग्णास शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे आणि दाबाचे तेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. गळती शोधताना नळीवरून बोट फिरवू नये. लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, त्यावर डाग उमटतो.

दाब पूर्ण उतरल्यावरही कडे न हलल्यास गंज वा मातीचा संशय घेण्यास हरकत नाही. जोडणी ब्रशने स्वच्छ करून सांध्यात गंज सोडविणारे तेल घालावे आणि रात्रभर मुरू द्यावे. सकाळी कड्याभोवती लाकडी ठोकळ्याने हलके टकटक करावे. मळसूत्राची जोडणी अडकली असल्यास दोन पाने हवेत : एकाने मागील षट्कोन घट्ट धरावा, दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने जोर लावल्यास नटाबरोबर नळीच पिळली जाते. पाना मापाचाच असावा. दात्यांचा पाइपपाना नटाचे कोपरे खातो, आणि असा नट पुढे कोणासच सुटत नाही. ज्योतीने तापवण्याचा प्रयोग तेलाजवळ कदापि करू नये. रबरी सील जळतात आणि आग लागण्याचा संभव असतो.

कपलर सुटताच दोन्ही टोके स्वच्छ फडक्याने पुसून टोपणे बसवावीत. टोपण हरवले असल्यास प्लॅस्टिकची स्वच्छ पिशवी गुंडाळून दोरीने बांधली तरी तात्पुरते काम भागते. तेलाने ओल्या टोकावर बसलेली नांगरटीची धूळ पुढच्या जोडणीत सरळ आत जाते आणि झडप व पंप या दोहोंची झीज करते. खराब झालेले कडे घासून पुन्हा वापरण्यापेक्षा कपलर बदलणे स्वस्त पडते. मात्र नवीन आणताना जुना सोबत न्यावा, कारण दिसण्यात सारखी असलेली मळसूत्रे मापाने भिन्न असतात.