मैदानाकडेची एक खुर्ची

पावसाळा ओसरला की सोलापुरातील शाळांची मैदाने गजबजतात. खो-खो, कबड्डीच्या आंतरशालेय स्पर्धा रंगतात; आणि गणेशोत्सवात हे शहर जिच्या तालावर डोलते, ती लेझीम शाळांच्या क्रीडामहोत्सवांतही मुलामुलींच्या हाती निनादते. त्यांत आपला नातू किंवा नात असेल, तर आपण घरीच का बसावे?

खो-खोचा सामना नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्यांचा. विश्रांती धरूनही तो साधारण तासाभरात आटोपतो. एवढे बसणे अनेक ज्येष्ठांना झेपते. मात्र वयानुसार तहानेची जाणीव मंदावते आणि ऑक्टोबरचे ऊन कडक असते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी प्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असल्यास डॉक्टरांचा सल्ला पाळावा. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ टाळू नये. खिशात थोडी साखर ठेवावी. गडी बाद झाला म्हणून उत्साहाने झटकन उठू नये, चक्कर येऊ शकते. आधार घेऊन, क्षणभर थांबून मगच पाऊल टाकावे.

काळजीवाहकांनी सकाळचा सामना निवडावा. सावलीतील खुर्ची आणि स्वच्छतागृह आधीच पाहून ठेवावे. ‘तुम्हांला त्रास होईल’ असे आपण मायेने म्हणतो; पण ते वारंवार ऐकणारी व्यक्ती हळूहळू उंबरठा ओलांडणेच सोडते.

नातवंडे जिंकतील किंवा हरतील. हरलेल्या दिवशी आजीचा हात पाठीवर असणे त्यांना अधिक मोलाचे वाटेल.