भेग पडली म्हणजे सिमेंटच खाल्लं?

रायगड जिल्ह्यात रोह्याहून कोलाडकडे निघालं की वाटेत धाटाव लागतं. औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांचे टँकर इथून रात्रंदिवस ये-जा करतात. अशा भागात काँक्रीटला भेग दिसली की टपरीवर निकाल ठरलेला: ‘सिमेंट खाल्लं!’ कधी तो खराही असतो. पण दर वेळी सिमेंटवरच बोट ठेवलं, तर ज्यांनी चूक केली ते मोकळे सुटतात.

‘सिमेंट जास्त, म्हणजे रस्ता पक्का.’ वस्तुस्थिती वेगळी आहे. गरजेपेक्षा जास्त सिमेंट घातलं की काँक्रीट जास्त तापतं, जास्त आकसतं आणि भेगा वाढतात. महामार्गाला साधारण एम-40 दर्जाचं काँक्रीट लागतं. त्यात 50 किलोच्या पोत्याला पाणी 20 लिटरच्या आसपासच हवं. माल सहज पसरावा म्हणून मजूर वरून पाणी ओततात, तिथे ताकद जाते.

‘सळईच घातली नाही, पैसे लाटले.’ बहुतेक काँक्रीट रस्त्यांच्या रचनेत सळयांची जाळी नसतेच. सळया असतात त्या सांध्यांत, काँक्रीटच्या एका पाट्यावरचं (स्लॅबवरचं) वजन शेजारच्या पाट्याला देण्यासाठी किंवा दोन पाटे धरून ठेवण्यासाठी. त्या वाकड्या बसल्या तर सांधा जखडतो आणि पाटा भलतीकडे फुटतो.

‘त्या सरळ आडव्या रेषा म्हणजे तडे.’ उलट, त्या मुद्दाम कापलेल्या असतात. काँक्रीट आकसणारच, मग ते ठरल्या जागी तुटावं म्हणून साधारण साडेचार मीटरवर, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खोल खाच पाडतात. काँक्रीट ओतल्यानंतर साधारण 4 ते 12 तासांत हे व्हायला हवं. उन्हाळ्यात आणखी लवकर. कटर बंद पडला, माणूस सकाळी उशिरा आला, की नागमोडी भेग आधीच पडलेली असते. एका रात्रीची हयगय पुढे वर्षानुवर्षं दिसत राहते.

‘पावसात काम केलं तर आयतंच पाणी मिळतं.’ कोकणात हे हमखास ऐकू येतं. ताज्या काँक्रीटवर सर आली की वरचं सिमेंट धुऊन जातं, पृष्ठभाग भुसभुशीत होतो. पाणी मारायचं ते काँक्रीट घट्ट झाल्यावर, ओलं गोणपाट टाकून, किमान 14 दिवस.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. काँक्रीट दाब भरपूर सोसतं, पण वाकणं सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण नवव्या हिश्श्याइतकीच. म्हणून पाट्याला खालून सगळीकडे सारखा आधार हवा. रायगडात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पेणच्या खाडीकाठी मऊ चिकणमाती. भराव नीट दाबला नाही, गटार तुंबलं, सांध्यातला भरणा निघाला, की पाणी पाट्याखाली शिरतं. जड चाक गेलं की ते पाणी मातीचे बारीक कण घेऊन उसळून बाहेर येतं. हळूहळू खाली पोकळी होते आणि पाट्याचा कोपरा मोडतो. इथे सिमेंट दुप्पट घालूनही उपयोग नाही.

पावसाळ्यात टँकर गेल्यावर सांध्यातून गढूळ पाणी उडताना दिसलं, तर त्या जागेचा फोटो काढून ठेवा. तक्रारीत ‘काँक्रीट निकृष्ट’ एवढंच न लिहिता ‘पाट्याखाली पाणी जातंय, गटार आणि सांधे तपासा’ असं लिहा.