तूप बंद, खारी चालू

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हाती येतो, एलडीएलचा, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा वाढलेला दिसतो आणि पहिली गदा येते ती वरणभातावरच्या तुपावर. मग अंडं जातं, पाठोपाठ शेंगदाणेही. तीन महिन्यांनी आकडा जागचा हललेला नसतो आणि ‘पथ्याने काही होत नाही’ असा निकाल लावून मोकळं व्हायचं! पथ्य होतं, पण भलत्याच गोष्टीचं.

चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम तुपात संपृक्त मेद असतो साधारण तीन ग्रॅम. एलडीएल उतरवायचं असेल, तर २००० कॅलरींच्या आहारात संपृक्त मेद दिवसाला १३ ग्रॅमच्या आसपास ठेवा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते. या हिशेबात तुपाचा एक चमचा बसतो, पुरणपोळीवरची धार बसत नाही. गंमत अशी की तूप सोडलेली मंडळी संध्याकाळी चहात खारी बुडवत असतात. खारीचे पापुद्रे सुटतात तेच मुळी थराथरात घातलेल्या वनस्पती तुपामुळे किंवा मार्गारीनमुळे. तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगलंच झालं. पण त्याच्या जागी पामतेल आलं, तर त्यातला जवळपास निम्मा मेद संपृक्तच असतो.

तेलाच्या पिशवीवरचं ‘कोलेस्टेरॉल फ्री’ खोटं नाही, पण निरर्थक आहे. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, कुठल्याच वनस्पती तेलात सांगण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं. खोबरेल तेलातही नसतं, तरी त्यात संपृक्त मेद ८० टक्क्यांच्या वर असतो. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, आणि संपृक्त मेद वाढला की रक्तातलं एलडीएल उचलण्याचं यकृताचं काम मंदावतं. म्हणून अंड्यातल्या बलकाची धास्ती अवाजवी ठरली. अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शिकेने दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची जुनी मर्यादा २०१५च्या आवृत्तीतून काढून टाकली. मधुमेह असेल, तर मात्र अंडी किती खायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारा गैरसमज असा, की पथ्य म्हणजे नुसतं वगळणं. ताटात काय घातलं, हेही तितकंच मोजलं जातं. ओट्स, जव, राजमा, इसबगोल यांतले विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतात. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, आणि ते यकृत रक्तातून ओढून घेतं. भेंडीची तार मोडावी म्हणून आपण ती भरपूर तेलात परततो. खरं तर ती तारच इथे कामाची.

टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी अशाच पदार्थांची मोट बांधली: ओट्स, जव, इसबगोल, भेंडी, वांगी, बदाम, सोयाबीन, शिवाय वनस्पतिजन्य स्टेरॉल घातलेलं मार्गारीन. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात महिनाभर ठरवून दिलेलं जेवण घेतल्यावर एलडीएल सुमारे २८ टक्क्यांनी उतरलं, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या जुन्या गोळीच्या जवळपास. पुढे २०११च्या अभ्यासात लोकांना फक्त सल्ला दिला आणि स्वयंपाक त्यांच्यावर सोडला. सहा महिन्यांनी घट भरली सुमारे १३ टक्के. एकट्यासाठी वेगळं शिजवायचं पथ्य फार दिवस चालत नाही. त्यापेक्षा सगळ्या घराचं तेल माणशी महिना अर्ध्या लिटरवर आणा. चौघांना दोन लिटर, तिसरी पिशवी आणायचीच नाही.

उपवासाचं थोडक्यात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला दोन्ही वेळा खिचडी खाऊन ‘पोटाला आराम दिला’ म्हणता येत नाही. अशा खाण्याने ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. खिचडीतला दाण्याचा कूट उलट बरा.

आणि ‘मी तर काटकुळा, मला कसलं कोलेस्टेरॉल?’ अंदाजे २५० ते ३०० माणसांत एकाला एलडीएल वाढवणारा आनुवंशिक दोष जन्मतःच असतो. तो अंगकाठी पाहत नाही, काही दुखत-खुपतही नाही. घरात कुणाला तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला असेल, तर भावंडांनी आणि मुलांनीही रक्त तपासून घ्यावं.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल असतो आणि ती सोडली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. पथ्य नेटाने पाळा, दोन-तीन महिन्यांनी तपासणी करा आणि गोळीचा डोस कमी करायचा की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.