बीपीची, फिटची गोळी चालू अन् हिरड्या फुगल्यात? गोळी बंद करू नका, आधी दाखवा

मस्तगड (जालना) : आमच्या भावकीतल्या एका काकूंच्या पुढच्या दातांवर हिरड्या इतक्या चढल्या होत्या की दात अर्धेच दिसायचे. दुखत नव्हतं, पण ब्रश लागला की रक्त यायचं आणि तोंडाला वास. घरात सगळ्यांनी मिसरीला दोष दिला. मग कुणीतरी सांगितलं, बीपीच्या गोळीनं असं होतं. काकूंनी लगेच गोळी बंद केली. पंधरा दिवसांनी चक्कर येऊन अंगणात बसल्या, बीपी मोजलं तर वरचा आकडा दोनशेच्या पुढं. सांगणाऱ्याचं खरं होतं, पण अर्धंच.

काकूंना घेऊन मस्तगडला दातांच्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी आधी तोंड पाहिलं नाही, गोळ्यांची पाकिटं मागितली. त्यात अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम होती.

हिरड्या वाढवणारी औषधं मुख्यतः तीन प्रकारची. पहिलं फिटचं फेनिटॉइन. एप्टॉइन या नावानं ते आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. १९३८ साली ते फिटवर वापरात आलं आणि पुढच्याच वर्षी हिरड्या वाढल्याची नोंद झाली, म्हणजे ही काही नवी गोष्ट नाही. हे औषध घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना कमी-जास्त त्रास होतो. दुसरं, किडनी बदललेल्या रुग्णांना देतात ते सायक्लोस्पोरिन. तिसरा गट बीपीच्या गोळ्यांचा, निफेडिपिन आणि अ‍ॅम्लोडिपिन. अ‍ॅम्लोडिपिनमुळं होण्याचं प्रमाण कमी, शंभरात दोन-तीन जण. पण सरकारी दवाखान्यापासून खासगीपर्यंत हीच गोळी सगळ्यात जास्त दिली जाते, त्यामुळं गावात असा एखादा माणूस सापडतोच. टेल्मिसार्टनच्या नावापुढं ‘एएम’ लिहिलेलं असेल तर त्यातही अ‍ॅम्लोडिपिन असतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

आता होतं कसं? हिरडीत धागे तयार करणाऱ्या पेशी असतात. नवे धागे बनतात, जुने विरघळतात, असं रोज चालू असतं. ही औषधं पेशीच्या आत जाणारं कॅल्शियम अडवतात किंवा त्याचा हिशेब बिघडवतात. त्यामुळं पेशीला फॉलिक अ‍ॅसिड नीट मिळत नाही आणि जुने धागे विरघळवणारा रस कमी पडतो, असं शास्त्रज्ञ मानतात. शेततळ्यात गाळ येत राहिला आणि काढणाराच नसला तर जे होतं, तेच. सगळ्यांना का होत नाही, तर काहींच्या पेशीच तशा असतात. आणि दुसरं मोठं कारण म्हणजे दातांवरचा चिकट थर. तो साचला की हिरडी सुजते अन् औषधाला आयतंच रान मिळतं. हिरडी वाढली की ब्रश आत पोचत नाही, थर आणखी साचतो. मिसरीनं दात स्वच्छ होतात हा समज इथं अंगाशी येतो. ती थर काढत नाही, वर तंबाखूचा धोका वेगळाच.

ओळखायचं कसं? गोळी सुरू झाल्यावर साधारण एक ते तीन महिन्यांत दोन दातांमधला हिरडीचा त्रिकोणी कोपरा फुगायला लागतो. पुढच्या दातांना जास्त. जिथं दात पडलेत तिथं सहसा वाढत नाही.

काकूंच्या बाबतीत दातांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. बीपीच्या डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिन काढून दुसऱ्या गटातली गोळी दिली, दातांची सफाई झाली, तोंड धुवायला क्लोरहेक्झिडिनचं औषध मिळालं. तीन महिन्यांत हिरड्या बऱ्याच खाली आल्या. सगळ्यांच्या अशा आपोआप उतरत नाहीत. जुनी, टणक झालेली वाढ कापून काढावी लागते. आणि तीच गोळी चालू राहिली तर ती पुन्हा येऊ शकते.

फिटच्या रुग्णानं तर मनानं एक दिवसही गोळी चुकवू नये. अचानक बंद केली तर एकामागून एक फिट येऊन जीव जाऊ शकतो, विहिरीवर किंवा चुलीजवळ आली तर वेगळंच संकट. दुसरी औषधं आहेत, पण ती हळूहळू बदलायची असतात. लहान मुलांच्या आईवडिलांसाठी एक कामाची गोष्ट : दिल्लीच्या एम्समध्ये १२० मुलांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेनिटॉइनसोबत रोज अर्धा मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलेल्या मुलांपैकी २१ टक्क्यांच्या हिरड्या वाढल्या, न दिलेल्यांत हे प्रमाण ८८ टक्के होतं. पण तेही डॉक्टरांना विचारूनच, कारण जास्त मात्रेनं फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण उतरू शकतं.

प्रत्येक सुजलेली हिरडी गोळीचीच असते असंही नाही. गरोदरपणात सुजतात. हिरड्या फुगण्यासोबत ताप, अशक्तपणा, अंगावर काळेनिळे डाग असतील तर रक्ताची तपासणी त्याच आठवड्यात करा. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर थांबू नका.

दवाखान्यात जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटंसुद्धा पिशवीत टाका. ‘पांढरी बारीक गोळी’ एवढ्यावरून कोणत्याच डॉक्टरला काही कळत नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, हिरडी कापायची वेळ आली तर तिथंही दाखवता येतं.