उन्हाळी अवकाश, विद्यापीठीय नियोजन आणि तौलनिक साहित्याभ्यास : सोलापूर परिसराच्या संदर्भात

तौलनिक साहित्याभ्यासाची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने प्रभाव, स्वीकार, भाषांतर आणि साहित्यप्रकार या अंगांनी होत आली आहे. या अभ्यासाला लागणाऱ्या वेळेचा प्रश्न मात्र प्रशासनाचा मानून बाजूला ठेवला जातो. बुद्धदेव बसू यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये जादवपूर विद्यापीठात भारतातील पहिला तौलनिक साहित्य विभाग सुरू झाला. एकाहून अधिक भाषांतील साहित्य मुळातून वाचणे, ही या विद्याशाखेची किमान अपेक्षा असते. भाषा शिकण्यासाठी सलग वेळ लागतो आणि सत्रपद्धतीत असा वेळ उन्हाळ्याखेरीज कोठेही सापडत नाही. म्हणून प्रादेशिक सार्वजनिक विद्यापीठ आपल्या उन्हाळ्याचे नियोजन कसे करते, हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाच्याही आस्थेचा ठरतो. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१. वर्षाचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक वर्षाची विभागणी स्पष्ट केली. विद्यापीठांच्या बाबतीत वर्षातील ५२ आठवड्यांपैकी ३० आठवडे, म्हणजे १८० दिवस, अध्यापनाचे. १२ आठवडे प्रवेश, परीक्षा आणि परीक्षेची पूर्वतयारी यांचे. ८ आठवडे सुट्टीचे आणि २ आठवडे सार्वजनिक सुट्ट्यांचे, असा हा हिशेब आहे. महाविद्यालयांसाठी परीक्षांचा काळ १० आठवडे आणि सुट्टीही १० आठवडे धरली आहे.

कागदावर नीटस दिसणारा हा हिशेब उन्हाळ्यात विस्कटतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत, निकाल जाहीर होणे अपेक्षित आहे. विद्यार्थ्यांच्या हिताची ही तरतूद योग्यच आहे. परंतु तिचा भार मूल्यमापन केंद्रांवर उत्तरपत्रिका तपासणाऱ्या अध्यापकांच्या मे महिन्यावर पडतो. विदर्भातील विद्यापीठांत 'उन्हाळी परीक्षा' हा शब्दच रूढ आहे. आपल्या नियोजनात उन्हाळा म्हणजे प्रथम परीक्षा, मग तपासणी आणि अखेरीस प्रवेश, हे त्या शब्दातून सहज कळते. अध्ययनाचा उन्हाळा या क्रमात बसत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नंतर या चित्रात एक नवा घटक आला. पहिल्या वर्षानंतर पदवी अभ्यासक्रम सोडणाऱ्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र हवे असल्यास ४० श्रेयांकांखेरीज उन्हाळी सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात कार्यप्रशिक्षण अथवा क्षेत्रप्रकल्प यांसाठी ४ श्रेयांक ठेवले आहेत. उन्हाळ्याला आणि क्षेत्रकार्याला अशा प्रकारे प्रथमच श्रेयांकांचे मूल्य लाभले. साहित्याचे विभाग त्याचा उपयोग कशासाठी करतात, यावर पुढील बरेच काही अवलंबून आहे.

२. एका जिल्ह्याचे विद्यापीठ

सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरत्या कार्यक्षेत्रासह स्थापन झाले. तत्पूर्वी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. एवढे लहान कार्यक्षेत्र संकोचाचे वाटेल. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मात्र या जिल्ह्याची भाषिक घनता विलक्षण आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या भागांत कन्नड घराघरांत बोलली जाते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे सोलापूर शहरात तेलुगू रुजली. उर्दूचीही येथे जुनी वस्ती आहे. शासनव्यवहाराची आणि बहुतांश शिक्षणाची भाषा मराठी आहे.

साहित्येतिहासाच्या दृष्टीने हा परिसर अधिकच समृद्ध आहे. बाराव्या शतकातील वचनकार सिद्धराम सोन्नलिगे म्हणजे आजच्या सोलापूरचे. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत आणि त्यांचे मंदिर शहराच्या मध्यभागी आहे. मंगळवेढे हे कलचुरी बिज्जळाच्या सत्तेचे आरंभीचे केंद्र. बसवेश्वरांच्या चरित्रपरंपरेत या गावाला स्थान आहे आणि चोखामेळा व दामाजी यांच्या चरित्रपरंपरांतही आहे. पंढरपूर तर वारकरी आणि कर्नाटकातील हरिदास या दोन्ही संप्रदायांचे श्रद्धास्थान. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात विठ्ठलाच्या ज्या बहुप्रांतीय घडणीचा शोध घेतला, तिची भूमी हीच आहे.

३. नाममुद्रेचे उदाहरण

अशा परिसरात थोडी कन्नड आल्याने नेमके काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी अभंगाच्या अखेरीस बहुधा कवीचे नाव येते. 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'तुका म्हणे' ही रूपे सर्वपरिचित आहेत. कन्नड वचनांत त्या जागी वचनकाराच्या इष्टदैवताचे नाव असते. बसवेश्वरांची मुद्रा 'कूडलसंगमदेव', तर सिद्धरामांची 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन'. हरिदासांच्या पदांतही दैवताचेच नाव येते. 'पुरंदर विठ्ठल' ही पुरंदरदासांची मुद्रा प्रसिद्ध आहे.

यावरून मराठीत कवी स्वतःच्या नावाने बोलतो आणि कन्नडमध्ये देवाच्या नावाने, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टिकत नाही. ज्ञानदेवांच्या अभंगांतील 'बापरखुमादेवीवरु' ही मुद्रा दैवताचाच निर्देश करते. म्हणजे प्रश्न दोन भाषांच्या स्वभावाचा राहत नाही. कवीने आपला अधिकार कोठे ठेवला, श्रोत्याला कोणाच्या साक्षीने संबोधले आणि गायनपरंपरेत मुद्रेने पदाचे कर्तृत्व कसे राखले, असे अधिक सूक्ष्म प्रश्न पुढे येतात. अनुवादातूनच वाचणाऱ्याला हे प्रश्न अंधुक दिसतात, कारण पदाच्या अखेरचे नाव मजकुरात कसे गुंफले आहे ते भाषांतरात हमखास सैल होते. मुळाक्षरे आणि प्राथमिक व्याकरण येणारा विद्यार्थी हीच जागा स्वतः तपासू शकतो.

मराठी विद्यार्थ्यासाठी हा पल्ला फार लांबचा नाही. कन्नड वर्णमालेचा क्रम देवनागरीसारखाच आहे. अक्षरांची वळणे नवी शिकावी लागतात. 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ भेद, जे मराठी वर्णमालेत नाहीत, त्यांकडे लक्ष द्यावे लागते. हे काम आठवड्याच्या दोन तासिकांत रेंगाळते, तर रोजच्या सरावाने काही आठवड्यांत मार्गी लागते.

४. नियोजनाची एक रूपरेषा

श्रेयांक आराखड्यात क्षेत्रकार्याच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले जातात. ४ श्रेयांकांचे १२० तास होतात. त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल. मे महिन्यात सोलापूरचे तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, म्हणून सकाळी ७ ते १० या वेळेत १५ दिवस, म्हणजे ४५ तास, कन्नड लिपी आणि वाचन. पुढील ४५ तास निवडक वचने, हरिदासांची पदे आणि अभंग यांचे समांतर वाचन. उरलेले ३० तास सोलापूर, मंगळवेढे आणि पंढरपूर येथील क्षेत्रकार्य व नोंदी.

आषाढी वारीचा समावेश मात्र या चौकटीत करता येत नाही. ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीजवळ, तर तुकारामांची अकलूजच्या बाजूने सोलापूर जिल्ह्यात येते, तोवर दुसऱ्या सत्राचा निकाल लागून गेलेला असावा अशी अपेक्षा असते. शिवाय आषाढी एकादशी चांद्रमासानुसार सरकते. २०२१ मध्ये ती २० जुलैला होती, २०२३ मध्ये २९ जूनला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला. तिथी पंचांगातून आधीच कळत असल्याने ही अडचण दुर्लंघ्य नाही. वारीतील गायनाचे निरीक्षण तिसऱ्या सत्राच्या संशोधन प्रकल्पाला जोडावे आणि त्या सत्राच्या वेळापत्रकात सरकता आठवडा ठेवावा, हे अधिक व्यवहार्य होईल. इरावती कर्वे यांचा वारीविषयक निबंध, ज्याचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दि. बा. मोकाशी यांचे 'पालखी' ही पुस्तके-लेखने वाटेवर चालूनच सिद्ध झाली, हे येथे लक्षात घ्यावे. २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका बसने पंढरपूरला गेल्या. त्याच काळात विद्यापीठांची वेळापत्रकेही कोलमडली. दोन्ही दिनदर्शिका एकाच समाजाच्या आहेत, याची ती जाणीव होती.

५. मर्यादा आणि समारोप

या रूपरेषेपुढील मुख्य अडचण आर्थिक आहे. शेतकरी, विणकर आणि विडी कामगार कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी उन्हाळा हा कमाईचा काळ असतो. विनामोबदला उन्हाळी अभ्यास त्यांच्यावर लादला, तर सुस्थितीतील मोजकेच विद्यार्थी उरतील. महाराष्ट्रातील विद्यापीठांत रुजलेली 'कमवा आणि शिका' योजना ध्वनिमुद्रण, लिप्यंतर आणि सूचीकरण या कामांना लागू केली, तर ही अडचण काही अंशी दूर होईल. अध्यापकांच्या बाजूने, उन्हाळी वर्ग घेणाऱ्यांना उत्तरपत्रिका तपासणीतून तेवढ्या दिवसांची सवलत आणि अर्जित रजेचा हिशेब आधी ठरलेला असणे आवश्यक आहे.

यापेक्षा महत्त्वाची बाब ज्ञानाच्या अधिकाराची आहे. अक्कलकोटहून येणारा, घरी कन्नड बोलणारा विद्यार्थी मराठीच्या वर्गात आपली भाषा दाराबाहेर ठेवून बसतो. परीक्षा तिची दखल घेत नाही. उन्हाळी वर्गात तोच सहाध्यायांचा उच्चार सुधारील, पदातील बोलीचा अर्थ सांगेल आणि आपल्या आजीला ठाऊक असलेले पाठभेद पुढे आणील. तौलनिक साहित्याची सामग्री ज्या विद्यार्थ्यांच्या घरात आहे, त्यांनाच अभ्यासाच्या कडेला ठेवणारी व्यवस्था बदलण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

तौलनिक साहित्याचे स्वतंत्र विभाग प्रत्येक प्रादेशिक विद्यापीठात निघतील, अशी शक्यता नाही. तशी गरजही नाही. सीमेलगतच्या मराठी विभागांनी शेजारच्या एका भाषेसाठी दरवर्षी उन्हाळ्याचे १२० तास राखून ठेवले, तर सोलापुरात कन्नड वा तेलुगू, नांदेडला तेलुगू, गडचिरोलीत गोंडी, अशी वाचकांची एक पिढी दहा वर्षांत उभी राहू शकेल. त्यासाठी शैक्षणिक दिनदर्शिका तयार करणाऱ्या मंडळांच्या बैठकीत साहित्याच्या अभ्यासकांनी आपली मागणी लेखी मांडली पाहिजे.