संगीत महाविद्यालय निवडताना : लखनौ की बडोदे?

बारावीचा निकाल लागला, की घराघरांत प्रवेशअर्जांची धांदल सुरू होते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या मुलांसाठी मोजमापे तयार असतात. प्रवेशपरीक्षेतील गुण, महाविद्यालयांची क्रमवारी, पुढे मिळणाऱ्या नोकऱ्या, या सर्वांची माहिती शेजारीपाजारीही मिळते. गाण्याकडे वळू पाहणाऱ्या मुलाच्या घरी मात्र असे मोजमाप हाताशी नसते. ‘नाव मोठे कोणत्या संस्थेचे?’ एवढ्या एकाच प्रश्नावर मग निर्णय होतो, आणि आयुष्यातील मोलाची तीन-चार वर्षे त्यावर पणाला लागतात.

समजा, नोकरदार घरातील एक मुलगी आठ-दहा वर्षे शास्त्रीय गायन शिकते आहे. वडिलांच्या बदल्यांमुळे तीन गावे झाली आणि तीन गुरू झाले. आवाज चांगला आहे, तयारीही बेताची नाही. पण एका हाताखाली सलग तालीम अशी झालेली नाही. पदवी संगीतातच घ्यावयाची, हे ठरले आहे. समोर दोन नावे आहेत : लखनौचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा. दोन्ही संस्था जुन्या आणि नामवंत. मग निवड करावी तरी कशी?

दोन संस्था, एक वारसा

बडोद्याची संस्था वयाने वडील. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८८६ मध्ये तेथे गायनशाळा सुरू झाली आणि तिची धुरा उस्ताद मौलाबख्श यांच्याकडे आली. संगीत म्हणजे घराण्यातील गुप्तधन, असे मानण्याच्या त्या काळात मौलाबख्श यांनी स्वरलेखनाची पद्धत तयार करून इयत्तावार धडे बांधले. सामान्य घरातील मुलाने शाळेत जाऊन गाणे शिकावे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. १९४९ मध्ये विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर ही परंपरा विद्यापीठाच्या छत्राखाली आली. आज गायन, वादन, नृत्य आणि नाट्य हे विषय तेथे एकाच विद्याशाखेत शिकविले जातात.

लखनौच्या संस्थेचे मूळही एका अर्थाने बडोद्यातच सापडते. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईचे वकील. वकिली बाजूला ठेवून त्यांनी देशभर प्रवास केला, उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ आणि ‘क्रमिक पुस्तकमालिका’ हे त्यांचे ग्रंथ मूळचे मराठी. आज उत्तर भारतात ते हिंदी अनुवादातून अभ्यासले जातात, हे अनेक मराठी वाचकांना ठाऊकही नसते. सयाजीरावांच्या पाठिंब्याने भातखंडे यांनी १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. त्यानंतरच्या परिषदा दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे झाल्या. देशासाठी एक संगीत विद्यालय असावे, हा त्या चर्चेतून पुढे आलेला विचार १९२६ मध्ये लखनौत साकार झाला. संयुक्त प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांच्या नावावरून ते ‘मॅरिस कॉलेज’ म्हणून प्रसिद्ध झाले. १९६६ मध्ये राज्य शासनाने ते ताब्यात घेऊन भातखंडे यांचे नाव दिले. २००० मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते राज्य विद्यापीठ झाले.

म्हणजे ज्या दोन संस्थांतून एक निवडावयाची, त्या एकाच चळवळीच्या दोन शाखा आहेत. दोहोंचा हेतू एकच होता : गाणे शिकण्यासाठी उस्तादाच्या घरी जन्म घेण्याची किंवा त्याची मर्जी सांभाळण्याची अट असू नये.

एका विद्यार्थ्याचा मार्ग

‘लखनौ की बडोदे?’ या प्रश्नाला एका थोर विद्यार्थ्याच्या आयुष्यातून मार्मिक उत्तर मिळते. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे भातखंडे यांचे शिष्य. शास्त्र, स्वरलेखन आणि शेकडो बंदिशी त्यांना गुरूकडून मिळाल्या होत्या. तरीही भातखंडे यांनी त्यांना बडोद्याला, दरबारगायक उस्ताद फैयाज खाँ यांच्याकडे तालमीसाठी पाठविले. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर रातंजनकर तेथे शिकले. पुढे ते विद्यापीठाचे पदवीधरही झाले आणि नंतर लखनौच्या महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून त्यांनी प्रदीर्घ काळ काम केले.

संगीताला शास्त्रशुद्ध अभ्यासक्रम देणाऱ्या माणसानेच आपल्या सर्वोत्तम शिष्याला उस्तादापुढे बसविले, यातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. रातंजनकर प्राचार्य झाल्यावरही तेच घडले. कृ. गो. गिंडे, एस. सी. आर. भट यांसारखे त्यांचे शिष्य लखनौत त्यांच्या सहवासात वाढले. महाविद्यालयाचे तास संपले, तरी त्यांची तालीम संपत नसे. महाविद्यालय पद्धत देते, पाठांतराला शिस्त देते, परीक्षेची सवय लावते. गळ्यावर गाणे चढविते ती मात्र एका माणसाची समोरासमोरची तालीम. म्हणून इमारत निवडण्यापूर्वी माणूस निवडावा लागतो.

वर्गात नेमके काय मिळते?

प्रवेशपुस्तिकेत अभ्यासक्रम छापलेला असतो; तालीम छापलेली नसते. ती जाणून घेण्यासाठी पालकांना थोडा साधा हिशेब करावा लागेल. एका तासाच्या वर्गात दहा विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. आठवड्यात असे पाच तास झाले, तरी स्वतःच्या गळ्यावर गुरूचे लक्ष अर्धा तासच राहिले. वर्गात चारच विद्यार्थी असतील, तर तोच वेळ सव्वा तासाचा होतो. वर्षाच्या अखेरीस हा फरक गाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. विद्यापीठांमध्ये निवृत्तीनंतर पदे काही काळ रिकामी राहतात किंवा तात्पुरत्या नेमणुकांवर चालतात. ज्यांच्या नावाने विद्यार्थी ओढला गेला, ते गुरू पुढच्याच वर्षी निवृत्त होणार असतील, तर ते आधी कळलेले बरे. म्हणून विभागात आज कोण शिकवितात, कोणत्या घराण्याची गायकी शिकवितात आणि पुढील तीन-चार वर्षे ते तेथे असतील काय, हे विचारण्यात संकोच मानू नये.

तिसरा प्रश्न रागांच्या संख्येचा. पदवीच्या अभ्यासक्रमात दरवर्षी अनेक राग नेमलेले असतात आणि परीक्षेत त्यांतील कोणताही विचारला जातो. त्यामुळे विद्यार्थ्याची ओळख पुष्कळ रागांशी होते, सहवास मात्र थोड्यांशी घडतो. घराणेदार तालमीत उलट असते. एकच राग वर्षभरही चालतो. तीन गुरूंकडून तुकड्यातुकड्यांनी शिकलेल्या आपल्या उदाहरणातील मुलीला आणखी वीस राग मिळण्यापेक्षा यमन किंवा भैरव पुन्हा पायापासून घटविणे अधिक गरजेचे असू शकेल. अशी मुभा देणारे शिक्षक जेथे आहेत, ती संस्था तिच्यासाठी अधिक चांगली.

शहरही शिकविते

गवयाला श्रोता घडवितो, आणि श्रोता शहर घडविते. लखनौची संस्था कैसरबागेत, नवाब वाजिद अली शाह यांच्या ‘परीखान्या’च्या वास्तूत नांदली. ठुमरी, दादरा, गझल आणि कथक यांचे हे माहेर. बेगम अख्तर यांनी या महाविद्यालयात अध्यापन केले. मोहनराव कल्याणपूरकरांसारख्या नृत्याचार्यांनी येथे कथक शिकविले. ज्या विद्यार्थिनीचा ओढा उपशास्त्रीय गायनाकडे आहे, तिला येथे शब्दांचे उच्चारण, बोलबनावाची नजाकत आणि हिंदी-उर्दूचा सहवास वर्गाबाहेरही मिळतो. संगीत आणि नृत्य यांनाच वाहिलेल्या विद्यापीठाचे वातावरणही वेगळे असते. तेथे कॉरिडॉरमध्येसुद्धा गाण्याचीच चर्चा चालते.

बडोद्याचे वैशिष्ट्य निराळे. सूरसागर तलावाकाठच्या या विद्याशाखेभोवती एक मोठे, अनेक विद्याशाखांचे विद्यापीठ आहे. चित्रशिल्पकलेचे नामांकित शिक्षण त्याच विद्यापीठात चालते. संगीताच्या शेजारीच नाट्य आणि भरतनाट्यम् शिकविले जाते. सयाजीरावांच्या पहिल्या महाराणी तंजावरच्या. त्यांच्यामागोमाग तेथील नर्तकी बडोद्यास आल्या आणि त्या परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे या विद्यापीठात नृत्य शिकविले. ज्याला संगीताबरोबर रंगभूमी, ध्वनिमुद्रण, संगीतरचना किंवा अध्यापन यांचाही विचार करावयाचा आहे, त्याला ही विविधता उपयोगी पडते. गायकवाडी राजवटीमुळे शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पहिल्यांदाच घर सोडणाऱ्या मुलीच्या आईला हा दिलासा लहान वाटणार नाही.

पदवी आणि उपजीविका

संगीताची पदवी मैफल मिळवून देत नाही. ती नोकरीचे दार उघडते. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापन, पदव्युत्तर शिक्षण, संशोधन आणि ‘नेट’ परीक्षा यांसाठी मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी लागते. प्रस्तुत दोन्ही संस्था या कसोटीस उतरतात. खाजगी मंडळांच्या परीक्षा शिक्षण म्हणून मोलाच्या असल्या, तरी त्या प्रत्येक ठिकाणी पदवीच्या तोलाच्या धरल्या जातातच असे नाही. समकक्षता आधी तपासून पाहावी.

मैफलीचा मार्ग पदवीच्या कागदावरून जात नाही. आकाशवाणीच्या चाचणीत केवळ गाणे ऐकले जाते आणि त्यावरून श्रेणी ठरते. तेव्हा पदवीच्या वर्षांतच अशा चाचणीची तयारी व्हावी, हे ध्येय ठेवणे योग्य.

खर्च आणि कर्ज

सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क हा बहुधा मोठा खर्च नसतो. वसतिगृह, भोजन, प्रवास, तानपुरा किंवा अन्य वाद्य आणि महाविद्यालयाबाहेरील तालीम यांवर खरा पैसा लागतो. हिशेब मांडताना हे आकडे आधी लिहावेत.

मान्यताप्राप्त संस्थेतील पदवीसाठी शैक्षणिक कर्ज मिळू शकते. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार शुल्काबरोबरच वसतिगृह आणि अभ्यासक्रमास आवश्यक साधने यांचाही खर्च विचारात घेतला जातो. पतहमी योजनेखाली साडेसात लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर एका वर्षाने सुरू होते.

सोय आहे म्हणून कर्ज मोठे घ्यावे, असे मात्र नाही. दहा टक्के व्याजदर आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर तीन लाखांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ३,९६५ रुपये येतो आणि सहा लाखांचा सुमारे ७,९३०. तरुण कलाकाराची प्राप्ती पहिली काही वर्षे अनियमित असते. हप्ता भरण्यासाठी रोज संध्याकाळी शिकवण्या कराव्या लागल्या, तर रियाजाची वेळ तेथेच खर्च होते. म्हणून कर्ज उपयुक्त असले, तरी ते बेताचे असावे आणि अभ्यासकाळातील व्याज शक्यतो घरातून भरत जावे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांसाठी दरमहा ५,००० रुपयांची, दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिचे चालू नियम पाहून अवश्य अर्ज करावा.

दोन दिवसांची भेट

अखेर निर्णय प्रत्यक्ष भेटीनंतरच व्हावा. प्रत्येक शहरात दोन दिवस काढावेत. परवानगी घेऊन एखाद्या वर्गात मागे बसावे. शिक्षक गाऊन दाखवितात की नुसते लिहून देतात, चूक झाल्यावर थांबवितात की पुढे सरकतात, हे पाहावे. वर्गातील तानपुरे सुरात आहेत काय, साथीला तबलजी मिळतो काय, वसतिगृहात पहाटे पाचला रियाज करू देतात काय, हे तेथील विद्यार्थ्यांना विचारावे. शेवटच्या वर्षातील दोन-तीन विद्यार्थ्यांचे गाणे ऐकावे. संस्थेने चार वर्षांत काय दिले, याचा त्याहून प्रामाणिक पुरावा दुसरा नाही. आणि शक्य झाल्यास, ज्यांच्याकडे शिकावयाचे त्या गुरूंपुढे दहा मिनिटे गाऊन त्यांचे मत घ्यावे.

उदाहरणातील मुलीचे मन ठुमरीत रमत असेल आणि लखनौत तिला वेळ देणारा गुरू भेटला, तर तिने लखनौ निवडावे. ख्यालाचा पाया घटवून घेणारा हात बडोद्यात मिळाला आणि सोबत इतर कलांचा शेजार हवासा वाटला, तर बडोदे. दोन्हीकडे वर्ग भरलेले आणि गुरू धावपळीत असे आढळले, तर आपल्याच शहरात चांगल्या गुरूंकडे राहून पदवी जवळच्या विद्यापीठातून घेण्यातही कमीपणा नाही.

भातखंडे यांनी शिष्याला पद्धतही दिली आणि उस्तादाचे दारही दाखविले. आजच्या पालकांना यापेक्षा निराळे काही करावयाचे नाही. प्रवेशअर्जावर संस्थेचे नाव लिहिण्यापूर्वी, तेथे मुलीचे गाणे रोज कोण ऐकणार, या प्रश्नाचे उत्तर हाती असावे. ते मिळाले, की शहराचे नाव आपोआपच ठरते.