इंजिन तेल पिते तेव्हा

गोव्याच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मालीम, शापोरा, वास्को, कुटबण येथील धक्क्यांवर ट्रॉलर ओळीने उभे राहतात. जाळी दुरुस्त होतात, लाकडाला रंग चढतो आणि ज्यांची इंजिने थकलेली असतात ते मालक ती उतरवून मिस्त्रीच्या स्वाधीन करतात. नवे लायनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे घालून इंजिन जणू पुनर्जन्म घेते. मग ऑगस्टच्या पहिल्याच फेऱ्यांत असे ध्यानात येते की हे नवे झालेले इंजिन जुन्याहूनही अधिक तेल पीत आहे. अशा वेळी मालकाची झोप उडते आणि पहिला संशय मिस्त्रीवर जातो.

हा संशय खरा की खोटा, हे ठरविण्यापूर्वी तेल कोठे जाऊ शकते याचा विचार शांतपणे केला पाहिजे. तेलाला वाटा तीनच आहेत: ते जळते, ते गळते, किंवा मोजण्यात चूक होते.

प्रथम जळण्याचा विचार करू. पिस्टनच्या खोबणीतील रिंगा वरचा वायू अडवितात आणि भिंतीवरील जादा तेल खरवडून खाली आणतात. नव्या रिंगांना नव्या लायनरशी मिळतेजुळते होण्यास काही तास लागतात. तोवर थोडे तेल अधिक जाणे स्वाभाविक होय. परंतु या काळात इंजिनाला योग्य भार हवा. धक्क्याला बांधून तासन् तास मंद गतीने चालविल्यास रिंगांवर पुरेसा दाब पडत नाही, होनिंगच्या बारीक तिरप्या रेघांवर चकचकीत थर चढतो आणि रिंगा कधीच नीट बसत नाहीत. जिवापाड जपण्याच्या हेतूनेच पुष्कळ इंजिने अशी बिघडतात. याखेरीज रिंग उलटी बसणे, सर्व रिंगांचे सांधे एका रेषेत येणे, व्हॉल्व गाइड झिजलेले तसेच राहणे, टर्बोचार्जरचे सील निकामी होणे हीही कारणे आहेत. धूर पुष्कळ सांगतो. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. भार देताच तो सतत वाढत गेला तर रिंगांकडे पाहावे. बराच वेळ मंद चालवून गती देताच एक लोट येऊन विरला, तर व्हॉल्व गाइडकडे पाहावे. काळा धूर मात्र डिझेल व हवेच्या प्रमाणाची तक्रार असते.

गळती होडीत सहज लपते, कारण तेल तळाच्या पाण्यात उतरते. इंजिनाखाली स्वच्छ ट्रे ठेवून मागचे सील तपासावे. बोटीच्या इंजिनाला तेल थंड करणारा कूलर असतो. त्याची नळी फुटली तर इंजिन चालू असताना दाबाखालचे तेल थंड करणाऱ्या पाण्यात शिरते. हे पाणी थेट समुद्राचे असेल तर तेल त्याच्याबरोबर बाहेर पडते. मागे इंद्रधनुषी तवंग दिसला तर हे तपासावे.

तिसरी वाट मोजमापाची. हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कर्ज काढून इंजिन बांधून घेतले होते. प्रत्येक फेरीत तेल जाई, निळा धूर निघे आणि तो धक्क्यावर मिस्त्रीला चारचौघांत बोलू लागला. "सर, बँकेचा हप्ता या इंजिनावर आहे. मिस्त्रीने हलक्या रिंगा घातल्या असणार," असे तो म्हणाला. मिस्त्री वयस्क, हातावरच पोट असलेला. बदनामी झाली असती तर पुढच्या पावसाळ्यात त्याच्याकडे कोण गेले असते? आम्ही यंत्रज्ञ नव्हे. पण वही ठेवण्याचा आग्रह मात्र धरला. रोज सकाळी इंजिन थंड असताना, होडी शांत पाण्यात असताना, एकाच माणसाने पातळी पाहावी, चालविलेले तास आणि ओतलेले तेल लिहावे, आणि काही दिवस नवे तेल मुळीच घालू नये. मात्र पातळी धोक्याच्या खाली जात नाही ना, एवढे मिस्त्रीने स्वतः पाहावे.

आठवड्याच्या नोंदींनी उत्तर दिले. आरंभी तेल झपाट्याने उतरले, मग एका पातळीवर येऊन जवळजवळ थांबले आणि धूरही कमी झाला. रिंगा दोषी असत्या तर तेल असेच उतरत राहिले असते. वही पाहून मिस्त्रीनेच कारण ओळखले. बांधणीच्या वेळी तुटलेल्या डिपस्टिकऐवजी दुसऱ्या इंजिनाची डिपस्टिक बसविली होती, आणि तिची खूण या इंजिनास लागू नव्हती. त्यातच बोटीत इंजिन शाफ्टच्या रेषेत मागे कललेले असते, त्यामुळे सपाट जागेवरची खूण येथे फसवी ठरू शकते. खुणेपर्यंत भरावे म्हणून रोज जादा तेल ओतले जात होते. क्रँक ते घुसळून फेस करी, आणि तेलाची वाफ ब्रीदरवाटे हवेच्या मार्गात जाऊन जळे. मग सर्व तेल काढून पुस्तिकेतील मापाने भरले, होडी पाण्यात असतानाच डिपस्टिकवर नवी खूण कोरली. त्या विद्यार्थ्याने ज्या धक्क्यावर शब्द उच्चारले होते, त्याच धक्क्यावर ते मागे घेतले.

सर्वच प्रकरणे अशी सुखाने संपत नाहीत. कधी रिंगा खरोखर चुकीच्या असतात, आणि तेव्हा इंजिन पुन्हा उघडावेच लागते. तेल कमी न होता पातळी वाढत असेल, तर डिझेल किंवा पाणी त्यात मिसळत असण्याची शक्यता आहे. असे इंजिन चालवूच नये. पण क्रम मात्र सोडू नये: आधी मोजावे, मग गळती पाहावी, मग धूर आणि सिलिंडरचा दाब तपासावा, आणि सर्वांत शेवटी इंजिन उघडावे. उलट क्रमाने गेल्यास पैसा जातो, हंगाम जातो आणि क्वचित एका प्रामाणिक कारागिराचे नावही जाते. दोन रुपयांची वही जे सांगते, ते संशयाला कधीच सांगता येत नाही.